सिनेमा पाहून झाल्यावर : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

सिनेमा संपल्यावर प्रेक्षक काय बोलतो, काय विसरतो, त्याचं मत कशामुळे बदलतं आणि ते टिपून कसं ठेवावं, याबद्दल प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. सोलापूर शहरातून, तसंच अक्कलकोट, बार्शी आणि मंगळवेढ्याहून पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. साठ-सत्तर माणसं येतात. संपल्यावर ‘बोला, कसा वाटला?’ म्हटलं की तेच दोघं-तिघं बोलतात, बाकीचे माना हलवतात आणि निम्मे चपला शोधायला लागतात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे सदस्य तर गप्पच असतात. चर्चा घडवायची कशी? (ग्रंथपाल, पूर्व भाग, सोलापूर)

बहुतेक अडचण तुमच्या पहिल्या प्रश्नात आणि बोलण्याच्या क्रमात आहे. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ किंवा ‘बरा होता’ यापलीकडे उत्तर सुचतच नाही. त्यात पहिला बोलणारा जर वाचनालयाचा अध्यक्ष किंवा निवृत्त प्राध्यापक असला, तर पुढचे चार जण त्याच्याच मताला दुजोरा देतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर साधा प्रयोग केला होता. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं होतं. आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खरा सहभागी जवळजवळ एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर देत असे. उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितलं तेव्हा हे प्रमाण एकदम खाली आलं. डोळ्यांसमोरच्या रेघेबद्दल माणसाचं असं होत असेल, तर सिनेमाबद्दल होणारच. म्हणून आधी लिहायचं आणि मग बोलायचं, हा क्रम कधीही मोडू नका.

ए-फोर कागदाचे चार समान तुकडे केले की पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या होतात. सत्तर जणांना १८ कागद पुरतात, तरी २० घ्या. पेनांऐवजी अर्ध्या कापलेल्या पेन्सिली ठेवा. त्या स्वस्त पडतात आणि अडून बसत नाहीत. चिठ्ठ्या आधीपासून खुर्च्यांवर ठेवू नका, सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यांचे पंखे होतात. श्रेयनामावली सुरू झाली की दोन स्वयंसेवकांनी रांगेच्या टोकाकडून त्या पुढे सरकवाव्यात. दिवे मात्र नावं आणि संगीत संपेपर्यंत लावायचे नाहीत, आणि लावतानाही आधी निम्मेच. भपकन उजेड पडला की माणूस आपोआप उठतो. दिवे लागल्यावर माइकवरून काहीही बोलू नका. पाच मिनिटं शांतता राहू द्या. पहिल्या खेपेला ती अवघड वाटेल, तिसऱ्या महिन्यापर्यंत सवय होते.

चिठ्ठीवर तीनच प्रश्न छापा. एक : कोणतं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे? दोन : कुठे खटकलं, किंवा कुठे लक्ष उडालं? तीन : कोणत्या पात्राला काय विचारावंसं वाटतं? पहिल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर नसतं, त्यामुळे लाजणाराही लिहितो. दुसऱ्याने टीकेला परवानगी मिळते. ती न मागता कोणी देत नाही, कारण आयोजक दुखावतील असं वाटतं. तिसरा सगळ्यात उपयोगाचा, कारण ‘तू त्या रात्री घरी का गेली नाहीस?’ असा एक प्रश्न मोठ्याने वाचला की चर्चा आपोआप पेटते. ‘या सिनेमाचा संदेश काय?’ हा प्रश्न छापू नका. त्यावर शाळेच्या पेपरातल्यासारखी उत्तरं येतात.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक छोटा चौथा प्रश्न हवाच : आवाज नीट ऐकू आला का, पडदा नीट दिसला का, खालच्या ओळी वाचता आल्या का? तुमच्या सभागृहाचे दोष सिनेमाच्या नावावर जमा होतात, म्हणून हा प्रश्न. छताचे पंखे पूर्ण वेगात असले की हळू आवाजातले संवाद बुडतात आणि बाहेर पडताना माणसं म्हणतात, ‘सिनेमा समजला नाही.’ खिडकीच्या फटीतून रस्त्यावरचा दिवा पडद्यावर आला तर रात्रीची दृश्यं राखाडी होतात आणि ‘छायाचित्रण काही खास नव्हतं’ असा शेरा मिळतो. सबटायटलच्या दोन भरलेल्या ओळी वाचायला साधारण सहा सेकंद लागतात. शेवटच्या रांगेतून अक्षर लहान दिसत असेल तर तेवढ्या वेळात वाचून होत नाही, नटाचा चेहराही पाहायचा राहतो आणि सिनेमावर ‘संथ’ असा शिक्का बसतो. सिनेमा सुरू होण्याआधी शेवटच्या रांगेत बसून दोन मिनिटं पाहा, पंख्यांसकट. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पुढच्या दोन रांगाच खातात.

लिहून झाल्यावर सहा-सहा जणांचे गट करा. बसल्या जागी पुढच्या रांगेतल्या तिघांनी मागे वळायचं, बस. प्रत्येकाने आपली नव्हे, शेजाऱ्याची चिठ्ठी वाचून दाखवायची. स्वतःचं मत मांडायला जो संकोच वाटतो, तो दुसऱ्याचं वाचताना वाटत नाही. पंधरा मिनिटांनंतर सगळ्यांची एकत्र चर्चा घ्या, पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. माइक हातोहात फिरवायला लागलात की बोलण्याची लय तुटते. साठ माणसांत उभं राहून बोललं तरी ऐकू जातं. सूत्रधाराने स्वतःचं मत शेवटी सांगावं, आणि दिग्दर्शक किंवा लेखक पाहुणे असतील तर त्यांनाही प्रेक्षकांच्या नंतरच बोलवावं. त्यांनी ‘मला असं म्हणायचं होतं’ म्हटलं की चर्चा तिथेच थांबते.

भाषेबद्दल. चिठ्ठी ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या, आणि हे आधी स्पष्ट सांगा. सोलापुरात प्रत्येक गटात तेलुगू किंवा कन्नड वाचून मराठीत सांगणारा एखादा माणूस मिळतोच. ‘मराठीत बोला’ असा आग्रह धरलात तर त्या सदस्याला जे जाणवलं त्यातलं तुम्हाला फार थोडं मिळेल.

वेळेचं गणित असं : सहाला सुरू, दोन तासांचा सिनेमा, आठ-दहापर्यंत लिहिणं, साडेआठपर्यंत गट, नऊच्या आत समाप्त. सभागृह साडेनऊपर्यंत घ्या, कारण वायरी गुंडाळायलाही वेळ लागतो. आणि सिनेमा जाहीरपणे दाखवण्याची लेखी परवानगी हक्कधारकाकडून आधी घ्या. घरच्या ओटीटी वर्गणीत ती येत नाही.

प्रश्न : दोन तास कंटाळलो, शेवटच्या वीस मिनिटांत रडू आलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ‘जरूर पाहा’ सांगितलं. दोन दिवसांनी वाटलं, एवढा काही चांगला नव्हता. माझं कोणतं मत खरं? (बँक कर्मचारी, जुळे सोलापूर)

दोन्ही खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनियल कानमन यांनी १९९३ मध्ये लोकांना सुखद आणि त्रासदायक चित्रफिती दाखवून हे तपासलं होतं. नंतर एकूण अनुभव कसा होता असं विचारलं, तेव्हा लोकांच्या उत्तरावर सर्वांत तीव्र क्षणाचा आणि शेवटाचा प्रभाव मोठा होता. चित्रफीत किती वेळ चालली याने फारसा फरक पडत नव्हता. तुमच्या दोन तासांच्या कंटाळ्याचं असंच झालं. तो हिशेबातून जवळपास गळून गेला.

त्यात आणखी एक भर पडते. भावना उसळली की छातीची धडधड आणि गळ्यातला आवंढा ती ओसरल्यावरही काही वेळ राहतो. त्या अवस्थेत जे मत तयार होतं ते जास्त टोकाचं असतं, मग ते कौतुक असो की राग. चित्रगृहाच्या पायऱ्या उतरताना दिलेला निकाल म्हणूनच जपून वापरावा.

आपल्या सिनेमाला मध्यंतर असतं, त्याचा फायदा घ्या. त्या दहा-पंधरा मिनिटांत मोबाईलवर एकच ओळ लिहा : आत्तापर्यंत काय धरून ठेवतंय, काय नाही. दुसरी ओळ सिनेमा संपल्यावर, तिसरी दोन दिवसांनी. तिसरी ओळ लिहिण्याआधी पहिल्या दोन वाचायच्या नाहीत. तिन्ही शेजारी ठेवल्या की सिनेमा कुठे उभा राहिला आणि कुठे नुसता शेवटावर तरला हे दिसतं. मध्यंतराची ओळ फिकी आणि शेवटची भडक असेल तर पटकथेचा मधला भाग कमजोर आहे, असं समजायला हरकत नाही. उलट झालं, म्हणजे मध्यंतराला उत्साह आणि शेवटी निराशा, तर शेवटाने पूर्वीच्या चांगल्या कामावरही पाणी टाकलं असण्याची शक्यता आहे. अशा सिनेमाला दुसरी संधी द्यावी.

प्रश्न : नायकाची एंट्री झाली की शिट्ट्या, पैसे उधळणं, खुर्च्यांवर उभं राहणं. पूर्व भागात तेलुगू सिनेमाच्या पहिल्या खेळाला तर एक शब्द ऐकू येत नाही. याला प्रेक्षकांचा प्रतिसाद म्हणायचं की गोंधळ? (निवृत्त शिक्षिका, होटगी रस्ता)

तुमचा त्रास खरा आहे, आणि तरीही हा प्रतिसादच आहे. आपल्याकडे त्याची नोंद फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशाचा, म्हणजे ‘सिद्धी’चा आहे. त्यात प्रेक्षकांच्या दाद देण्याच्या तऱ्हा नोंदवल्या आहेत. एक ‘मानुषी’ सिद्धी. त्यात वाणीने दिलेली दाद येते : स्मित, अर्धं हसू, मोठ्याने हसणं, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार. मग शरीराने दिलेली दाद : अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, वस्त्र काढून देणं, बोटं उडवणं. नायक दिसताच खुर्चीवर उभा राहणारा पोरगा या यादीत चपखल बसतो. उधळलेले पैसे आणि ‘चेलदान’ म्हणजे वस्त्र देणं, यांतली भावनाही एकच आहे.

दुसरी ‘दैवी’ सिद्धी. रंगमंडप भरलेला आहे, पण आवाज नाही, खळबळ नाही, कसला उत्पात नाही, असं तिचं वर्णन आहे. तुम्हाला हवी आहे ती ही. भरताने दोन्हींना यशच म्हटलं आहे, आणि ते आम्हाला पूर्ण पटतं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक रंगलं की दोन्ही प्रकार एकाच संध्याकाळी पाहायला मिळतात : विनोदाला टाळ्या, आणि एखाद्या स्वगताच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

प्रत्यक्षात काय करावं? गर्दीसाठी केलेले सिनेमे या गोंगाटाची जागा धरूनच जोडलेले असतात. एंट्रीनंतर काही सेकंद नुसतं संगीत, मंद गतीतली चाल, धूळ, मागून येणारा वारा. महत्त्वाचा संवाद तिथे सहसा नसतो. म्हणून त्या वेळी संवाद बुडाला तरी कथा हातची जात नाही. विनोदी सिनेमात मात्र जाते. तिथे एका हशाखाली पुढचं वाक्य झाकलं जातं, आणि संकलकाने पुरेशी उसंत ठेवली नसेल तर प्रेक्षक दोन विनोदांपैकी एकालाच हसतो. शांतपणे पाहायचं असेल तर पहिल्या शुक्रवार ते रविवारचे खेळ टाळा आणि दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवारचा दुपारचा खेळ धरा. आणि जमलंच तर एकदा मुद्दाम पहिल्या दिवशी जा. तोच सिनेमा किती वेगळा वाटतो, ते वाचून कळत नाही.

नाणी पडद्याकडे भिरकावणं मात्र आम्ही दाद मानत नाही. पडद्याला छिद्र पडलं तर तिथे कायमचा ठिपका दिसत राहतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्याला इजा होऊ शकते. फटाक्यांबद्दल तर बोलायलाच नको.

प्रश्न : शेवटच्या दृश्यात नायिका नवऱ्याकडे बघते आणि सिनेमा संपतो. मी म्हणते तिने त्याला माफ केलं. मैत्रीण म्हणते, तिच्या नजरेत तिरस्कार होता. आठवडा झाला वाद चालू आहे. (विद्यार्थिनी, सोलापूर विद्यापीठ)

वादाचा विषय नजर आहे, पण पुरावा बहुधा नजरेत नसून तिच्या आगेमागे आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सिनेमाच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला : सूपचं भांडं, शवपेटी आणि एक स्त्री. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. चेहरा एकच होता, अर्थ जोडणीतून आला.

म्हणून पुढच्या वेळी असं करा. तो शेवटचा प्रसंग पुन्हा पाहण्याआधी दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा : नजरेच्या आधी कोणते तीन शॉट होते, नंतर काय होतं, संगीत कुठे सुरू झालं. मग कागद बदला. तुम्ही दोघींनी वेगवेगळे शॉट लिहिलेले असतील, याची खूप शक्यता आहे. आठवण ही नोंद नसते, ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात दाखवलं होतं, की अनोळखी लोककथा पुन्हा सांगताना इंग्रज वाचक तिच्यातले विचित्र तपशील गाळत आणि आपल्या ओळखीचे घालत. तुमच्याही मनाने नायिकेच्या घरात तुमच्या ओळखीचं घर घातलेलं असू शकतं.

यानंतर शेवटची दहा मिनिटं दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना नजर कठोर वाटली आणि आवाजासकट मऊ वाटली, तर माफी संगीताने दिलेली आहे, नटीने नाही. कॅमेरा नवऱ्याच्या जागेवरून तिला पाहतो की बाजूने, हेही बघा. त्याच्या जागेवरून असेल तर आपण त्याची आशा पाहत असतो. आणि काही दिग्दर्शक ही नजर मुद्दाम मधल्यामध्ये थांबवतात. तसं असेल तर ‘माफ केलं की नाही’ यापेक्षा ‘तिने माफ करावं असं मला का वाटतं?’ या प्रश्नावर भांडा. त्यात तुम्ही दोघी एकमेकींबद्दल जास्त जाणून घ्याल.

प्रश्न : एका संकेतस्थळावर एका सिनेमाला ९० टक्के, दुसरीकडे त्यालाच १० पैकी ६.८. विश्वास कशावर ठेवायचा? (दुकानदार, बार्शी)

दोन्ही आकडे वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती टक्के समीक्षकांनी अनुकूल लिहिलं. सिनेमाला किती गुण मिळाले, हे ती सांगत नाही. दहा समीक्षकांनी प्रत्येकी पाचपैकी साडेतीन दिले आणि ते सगळे अनुकूल धरले, तर टक्केवारी १०० येते, सरासरी मात्र ७० टक्क्यांचीच राहते. याउलट सहा जणांनी पाचपैकी पाच दिले आणि चार जणांनी एक, तर टक्केवारी ६० आणि सरासरी ६८ टक्के. पहिला सिनेमा बऱ्यापैकी आणि निर्धोक, दुसरा काहींचा जीव की प्राण आणि काहींना असह्य. तुम्हाला कोणता पाहायचा आहे, ते तुम्ही ठरवा. आमचा कल दुसऱ्याकडे आहे.

आयएमडीबी या संकेतस्थळावर सर्वसामान्य प्रेक्षक १ ते १० गुण देतात, आणि दिसणारा आकडा साधी सरासरी नसून भारित असतो, म्हणजे सगळ्यांच्या गुणांना सारखं वजन नसतं. तिथे आकड्यापेक्षा गुणांची विभागणी बघा. १० आणि १ चे खांब उंच आणि मधले बुटके असतील तर चाहत्यांची किंवा विरोधकांची फौज येऊन गेली असेल, असं समजा. ज्याला सिनेमा ‘ठीक’ वाटला तो गुण द्यायची तसदी घेत नाही. प्रदर्शनानंतर पहिल्या दोन दिवसांचे आकडे म्हणून सोडूनच द्या.

अमेरिकेत १९७९ पासून सिनेमास्कोअर ही संस्था चित्रगृहाच्या दारात, पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना कार्ड देऊन श्रेणी घेते. ए-प्लसपासून एफपर्यंत. पण तो प्रेक्षक त्याच सिनेमासाठी पहिल्याच रात्री पैसे देऊन आलेला असतो, त्यामुळे त्या श्रेणीतून अपेक्षा पुरी झाली का एवढंच कळतं. भयपटाच्या जाहिरातीवर भुलून संथ कौटुंबिक नाट्य पाहायला लागलं की श्रेणी घसरते, सिनेमा कितीही चांगला असो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाने मोठ्यांबरोबर एक भुताचा सिनेमा पाहिला. तेव्हा हसत होता, आता रात्री एकटा न्हाणीघरात जात नाही. ‘ते खोटं असतं’ किती वेळा सांगावं? (एक आई, अक्कलकोट)

सांगणं थांबवा. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना पडद्यावर काय दिसतं त्याची भीती वाटते आणि शब्दांतल्या समजुतीने ती फारशी जात नाही, हे जोआन कँटर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. या वयात शरीराला आधार लागतो : जवळ घेणं, कोमट दूध, मंद दिवा, आवडती गोधडी. न्हाणीघरापर्यंत सोबत जा. काही रात्रींनी दाराशी थांबा, मग खोलीच्या उंबऱ्याशी. एकदम एकट्याला पाठवू नका आणि ‘घाबरट’ म्हणू नका. भीती कबूल करायचीही लाज वाटायला लागली की ती आत राहते. दिवसा, उजेडात, त्याला ते भूत कागदावर काढायला सांगा. काढलंच तर त्याला मिशा, टोपी घालू द्या. तो हसत होता याचा अर्थ घाबरला नव्हता असा होत नाही. मोठ्यांमध्ये बसलेलं मूल मोठ्यांसारखं हसतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र समजावणं लागू पडतं. रंगभूषा कशी करतात, दार आपोआप कसं लोटतं, तो आवाज कशाचा, हे दाखवा. त्या वयात पडद्यावरच्या राक्षसापेक्षा घरात चोर शिरण्यासारख्या घडू शकणाऱ्या गोष्टींची भीती मोठी असते, हेही लक्षात ठेवा. बातम्यांतल्या दृश्यांनाही हेच लागू होतं.

यापुढे प्रमाणपत्र पाहून ठरवा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे तीन भाग झाले आहेत : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. हे पालकांसाठी मार्गदर्शन आहे, त्यावरून दारात कोणी अडवत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला मात्र १८ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरीही. महिनाभरानंतरही झोप नीट लागत नसेल किंवा दिवसाही मूल धास्तावलेलं असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : तुमच्याकडे सिनेमाबद्दल लिहून पाठवायचं आहे. कसं लिहावं? (वाचक, मंगळवेढा)

तीनशे शब्द पुरे. त्यांतले पन्नास कथेला, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मजकुरात निम्म्याहून जास्त जागा कथा सांगण्यातच जाते आणि लिहिणाऱ्याला काय झालं ते शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं असतं. ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारा’, ‘सुन्न करणारा’ हे शब्द लिहून झाल्यावर खोडा आणि त्या जागी ते दृश्य लिहा ज्यामुळे तो शब्द सुचला. खोलीत कोण कुठे उभं होतं, काय ऐकू येत होतं, तुमचं लक्ष नेमकं कशावर होतं. एवढं लिहिलं की विशेषणाची गरज राहत नाही.

न आवडलेल्या सिनेमाबद्दलही जरूर लिहा, पण ‘दिग्दर्शन फसलं आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या दृश्यापर्यंत तुम्ही सोबत होता आणि कुठे सुटलात, ते शोधा. नटाच्या दिसण्यावर, जातीवर, वजनावर लिहिलेलं आम्ही छापत नाही.

शेवट उघड करावा का, हे पुष्कळांनी विचारलं आहे. २०११ च्या एका अभ्यासात लघुकथांचा शेवट आधी कळल्याने वाचकांचा आनंद वाढल्याचं दिसलं, नंतरच्या अभ्यासांत उलटही दिसलं. आम्ही साधा नियम पाळतो : प्रदर्शित होऊन महिना झाला नसेल तर शेवट सांगू नका. जुना सिनेमा असेल आणि मुद्दा शेवटाबद्दलच असेल तर बिनधास्त लिहा, फक्त पहिल्याच ओळीत तशी सूचना द्या.

मजकुराच्या वर सिनेमा कुठे पाहिला तेही लिहा : चित्रगृहात, टीव्हीवर की मोबाईलवर, सलग की तुकड्यांत, एकट्याने की घरच्यांबरोबर. मोबाईलच्या पडद्यावर दूरच्या दृश्यातला माणूस मुंगीएवढा दिसतो आणि तुकड्यांत पाहिलेल्या सिनेमाची गती मोडते. त्यामुळे ‘संथ’, ‘कंटाळवाणा’ असे शेरे वाचताना आम्ही आधी ही ओळ पाहतो.